मागच्या दाराची चौकट

आज दिवसभर गावच्या घरी, रत्नागिरीला, सुतारकाकांच्या हाताखाली होतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं घर. मागच्या दाराची फणसाची चौकट वरून ऑइलपेंटने चकचकीत दिसत होती. काकांनी तळाशी पटाशी टेकवली, तर ती बोटभर आत गेली! आतलं लाकूड तपकिरी, चौकोनी तुकड्यांत भेगाळलेलं, चिमटीत धरलं की भुगा.

मी वाळवी समजत होतो. काका म्हणाले, "वाळवी नाय, ही ओल." लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही. पण फरशी घालताना आम्हीच चौकटीचे पाय सिमेंटात गाडले होते. तळाचं कापलेलं तोंड पाणी शोषत राहिलं आणि रंगाने ते आतच कोंडलं. फार वाईट वाटलं. याच दारात आजी संध्याकाळी टेकून बसायची.

आधी वरची गळकी पन्हळ बदलली. मग कुजकं लाकूड हातभर वर, टणक लागेपर्यंत कापलं. जुन्या वाशाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला आणि खाली जांभ्याऐवजी काळा दगड दिला. रंग आता नाहीच, फक्त तेल.