काँक्रीट चार्लीची ५८ मिनिटे

अमेरिकन फुटबॉलविषयी थोडेफार वाचणाऱ्यांच्या नजरेखालून एक कृष्णधवल छायाचित्र बहुधा गेलेलेच असते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जायंट्सचा फ्रँक गिफर्ड निपचित पडला आहे आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा ६० क्रमांकाचा खेळाडू त्याच्याजवळ मूठ आवळून उभा आहे. २० नोव्हेंबर १९६० च्या त्या एका धडकेपुरतेच लोक चक बेडनारिकला ओळखतात, हे मला कायम अन्यायाचे वाटत आले आहे.

बेडनारिकचा जन्म १९२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमचा. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील तिथल्या पोलाद कारखान्यात कामाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-२४ बॉम्बफेकी विमानात तोफची म्हणून जर्मनीवर तीस मोहिमा केल्या, परतल्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून खेळला आणि १९४९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत, ईगल्सने त्याला सर्वांत पहिला निवडला. त्यानंतरच्या चौदा हंगामांत तो अवघ्या तीन सामन्यांना मुकला. हंगाम नसताना तो काँक्रीट विकत असे. ‘काँक्रीट चार्ली’ हे नाव त्या धंद्यावरून पडले, अंगकाठीवरून नव्हे, आणि मला त्याचीच गंमत जास्त वाटते.

लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहून, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावणार की फेकणार हे क्षणात ताडून आडवा येणारा गडी. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा १९५० पासून कायम झाली आणि चढाईचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे, अशी विभागणी रूढ होत गेली. बेडनारिकने मात्र १९६० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, संघाचा लाइनबॅकर बॉब पेलेग्रिनी जखमी झाल्यावर सेंटरची, म्हणजे चढाईच्या रांगेतल्या मधल्या गड्याची, जागा सांभाळून लाइनबॅकरचीही जबाबदारी उचलली. चढाईत चेंडू मागे द्यायचा, समोरच्याला अंगावर घ्यायचे आणि चेंडू गेला की धापा टाकत त्याच मैदानावर बचावाला उभे राहायचे, असा तो क्रम होता.

गिफर्डवरची ती धडक नियमात बसणारी होती, असे खुद्द गिफर्डनेही मान्य केले होते. गिफर्ड १९६१ चा संपूर्ण हंगाम खेळला नाही आणि १९६२ मध्ये परतला. आपण माणूस पडल्याचा नव्हे, तर चेंडू सुटून आपल्या संघाला मिळाल्याचा आनंद केला, असे बेडनारिक सांगत राहिला. त्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

त्याला ओळखायचे तर २६ डिसेंबर १९६० चा अंतिम सामना पाहावा. फ्रँकलिन फील्डवर ईगल्स ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध १७-१३ ने पुढे होते आणि साठ मिनिटांच्या खेळात बेडनारिक तब्बल ५८ मिनिटे मैदानावर होता. शेवटच्या सेकंदांत पॅकर्सच्या बार्ट स्टारचा पास घेऊन त्याचा सहकारी जिम टेलर गोलरेषेकडे झेपावला. दहाएक यार्ड उरले असताना बेडनारिकने त्याला आडवे केले आणि घड्याळ शून्यावर येईपर्यंत त्याच्या अंगावरून हलला नाही.