सेंटिनल पास: आठ डॉलरचं शटल, नव्वद डॉलरची गाडी आणि घसारा

कॅनडाच्या रॉकी पर्वतात आठवडाभर होतो, पण लिहिणार आहे एकाच दिवसाबद्दल: मोरेन लेकपासून सेंटिनल पास या खिंडीपर्यंतच्या चढाईबद्दल. बो लेक, जॉन्स्टन कॅन्यन वगैरे ठिकाणी गाडी लावा, चाला, परत या. सुंदर आहेत, पण सांगण्यासारखं काही नाही.

घोळ झाला मोरेन लेकला. २०२३ पासून तिथे खासगी गाड्या बंद आहेत, हे कॅल्गरीत दहा वर्षं काढलेल्या माझ्या मेव्हण्याच्या गावीही नव्हतं. "पहाटे पोहोचलो की पार्किंग मिळतंच," म्हणाला. अंधारात १८० किलोमीटर गेलो आणि रस्त्याच्या तोंडाशीच आम्हाला माघारी वळवलं. वैतागून एका खासगी गाडीवाल्याला माणशी नव्वद डॉलर मोजले. सरकारी शटल बसचं जाऊन-येऊन तिकीट आठ डॉलरच्या आसपास आहे, हे त्याच्या गाडीत बसल्यावर कळलं! शटल लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटतं. मोसमाआधी बुकिंग हुकलं तरी प्रवासाच्या दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी आठला, राखून ठेवलेल्या जागा खुल्या होतात. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. पुण्याहून बुक करणार असाल तर सव्वासातलाच लॉगिन करून बसा.

पुढचा धक्का वाटेच्या सुरुवातीच्या फलकाने दिला. ग्रिझली अस्वलांमुळे खिंडीच्या वाटेवरच्या लार्च व्हॅलीत काही काळ किमान चार जणांचा गट सक्तीचा असतो. दंड २५,००० डॉलरपर्यंत. आम्ही दोघेच. पाऊण तास ताटकळल्यावर साठी उलटलेल्या दोन कॅनेडियन बायका मिळाल्या. माझा बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) सॅकच्या तळाशी बघून त्यांनी मला झापलं, आणि बरोबरच झापलं. स्प्रे कमरेला हवा. पुढे नियमापायी दर वळणावर त्यांनाच आमच्यासाठी थांबावं लागलं, ते वेगळं.

एका व्हिडिओत सेंटिनल पास 'आरामात अर्धा दिवस' म्हटलाय. साफ खोटं. ५.८ किलोमीटर एका बाजूने, ७२५ मीटर चढ. लार्च व्हॅलीपर्यंत खरंच आराम आहे. मिनेस्टिमा तळ्यांपाशी पोहोचलात की खिंड समोर दिसते आणि हातावर आहे असं वाटतं. तिथून वळणावळणाची घसाऱ्याची, म्हणजे सुट्या खडीची वाट. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्यांनी माज करू नये, मी केला होता. तिथे निदान मोठे दगड असतात, खाली कारवी असते. इथे पायाखालची चपटी खडी खळखळत सरकते आणि धरायला गवताची काडीसुद्धा नाही. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, रात्री पडलेलं बर्फ वाटेवर घट्ट झालेलं. उतरताना दुपारी त्याचाच चिखल. मी दोनदा बसलो, एकदा पँट फाटली. काठ्या दोन घ्या, एक नाही. बुटांना लावायचे काटे घ्या. गुडघा बोलत असेल तर तळ्यांवरूनच परत फिरा, त्यात कसलीही लाज नाही.

खिंड २,६११ मीटरवर. वाऱ्याने डबा उघडता येईना, थेपले उभ्याउभ्या खाल्ले. पलीकडे पॅराडाइज व्हॅलीत उतरायचा मोह होतो. अजिबात उतरू नका. तिकडे धोंडेच धोंडे आहेत, आणि बस चुकली तर रात्र तिथेच.

एवढं सगळं असूनही सप्टेंबरातच जा. लार्च सूचीपर्णी असूनही पानं गाळणारं झाड, आणि गाळण्याआधी अख्खी दरी दसऱ्याच्या मंडईसारखी झेंडूने भरल्यासारखी दिसते. खिंडीतून खाली बघताना शिव्या बंद झाल्या होत्या, एवढं कबूल करतो.

बेअर स्प्रे विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्यावा लागतो, पन्नासेक डॉलर जातात. आमचा न वापरलेला मेव्हण्याकडे ठेवून आलोय. तुमचंही कुणी तिकडे असेल तर आधी त्यांच्या माळ्यावर बघायला सांगा, फक्त डब्यावरची मुदत वाचून घ्या.