कुंपणात अडकलेला कळप

मेलबर्नच्या उत्तरेला वोलर्ट, मिकलम, कॅलकॅलो या बाजूला आता आपली मराठी घरं इतकी झालीत की गणपतीत प्रसाद पोचवायला गाडी काढावी लागत नाही. फार वर्षं झाली नाहीत, इथे मेंढ्यांची कुरणं होती आणि त्याच कुरणांत राखाडी कांगारू चरायचे. कुरणांचे प्लॉट पडले. मेंढ्या विकल्या गेल्या. कांगारू तिथेच राहिले, कारण त्यांना जायला वाट कुणी ठेवलीच नव्हती. मी या भागात जनावरांचा डॉक्टर आहे. दवाखान्यात कुत्री-मांजरं बघतो आणि उरलेल्या वेळात वन्यप्राण्यांच्या बचावाला स्वयंसेवक म्हणून जातो. माझं स्वतःचं घरही अशाच एका कुरणावर उभं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जूनमधली गोष्ट. इथे तेव्हा ऐन हिवाळा. साडेसात वाजेपर्यंत धड उजाडत नाही, आणि लोक तर सहालाच कामाला निघतात. कांगारूंची चरण्याची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. म्हणजे हिवाळ्यात माणसांची जायची-यायची वेळ आणि त्यांची जेवायची वेळ नेमकी एकच होते. त्यात डांबरावरून ओघळलेल्या पाण्यामुळे रस्त्याच्या कडेचं गवत जास्त हिरवं असतं. एवढं सगळं जुळून आल्यावर अपघाताला अजून काय पाहिजे?

सव्वासहाला फोन आला. वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या वन्यप्राणी बचाव संस्थेच्या हेल्पलाइनवरून निरोप होता: ऐंशीच्या वेगमर्यादेचा रस्ता, मादी कांगारू, हलत नाही, गाडीवाला तिथेच थांबलाय. थांबलाय हेच विशेष. बरेच जण बंपर बघून निघून जातात.

पोचलो तर एक तरुण चारही इंडिकेटर लावून थंडीत कुडकुडत उभा. मी रिफ्लेक्टरचं जॅकेट चढवत होतो, तेवढ्यात तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "अगं, डॉक्टर आलेत वाटतं, ठेवतो." मी मराठीतच विचारलं, "तुला लागलं नाही ना?" त्याचा चेहरा असा काही सैलावला की आता रडतो की काय असं वाटलं.

"दादा, एक समोरून गेला, मी ब्रेक मारला. गेला म्हणून परत निघालो आणि ही आली."

हे नेहमीचंच. कांगारू सहसा एकटा रस्ता ओलांडत नाही. एक गेला की मागून दुसरा येणार हे धरूनच चालावं लागतं. गाड्यांना लावायच्या शिट्ट्या इथे दुकानात मिळतात, कांगारूंना त्या ऐकू जाऊन ते दूर पळतात म्हणे. अशाच एका आवाज काढणाऱ्या यंत्राची रीतसर चाचणी झाली तेव्हा कांगारूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. मोठमोठ्या कंपन्यांचीही तीच गत. 2015 मध्ये व्होल्वोचे अभियंते कॅनबेराजवळच्या टिडबिनबिला अभयारण्यात कांगारूंचं चित्रीकरण करायला आले होते. हरणं ओळखणारी त्यांच्या गाडीतली यंत्रणा उडी मारणाऱ्या कांगारूपुढे गोंधळायची: हवेत असताना तो तिला लांब वाटायचा आणि जमिनीला टेकला की जवळ.

मादी मेलेली होती. मी गुडघ्यावर बसून पोटपिशवी उघडली. आई गेली तरी तिच्या अंगाची ऊब काही तास टिकते, आणि त्या उबेवर पिल्लू तग धरतं. आत हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ, ओलसर, गरम लागलं. मग पायाने केलेला एक झटका. जिवंत!

पिल्लाचे डोळे नुकतेच उघडलेले होते, अंगावर लव नाही, कान पाठीला चिकटलेले, मागचे पाय शरीराच्या मानाने भलतेच लांब. कांगारूचं पिल्लू 36 दिवसांत जन्मतं, ते ग्रॅमभराचंही नसतं. खरी वाढ होते ती पुढच्या अकरा महिन्यांत, पिशवीत. हे अर्ध्या वाटेवरचं होतं. तोंडात स्तनाग्र घट्ट धरलेलं. असं पिल्लू ओढून काढायचं नसतं, तोंड फाटतं, जबड्याला इजा होते. कात्रीने आईचं स्तनाग्र बुडापाशी कापायचं आणि पिल्लाच्या तोंडात तसंच राहू द्यायचं. ते गिळलं जाऊ नये म्हणून कापडाला सेफ्टी पिनने अडकवायचं. पहिल्यांदा हे करताना कुणाचाही हात थरथरतो.

तो तरुण टॉर्च धरून होता. "दादा, गाडीत मुलीचं दूध आहे, देऊ का?"

"अजिबात नको. गाईचं दूध यांना पचत नाही, हगवण लागून मरतात. आणि गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीच घालायचं नाही. आधी ऊब." त्याने विचारायची वाट न बघता अंगातलं लोकरी स्वेटर काढून दिलं. पिल्लाला सुती पिशवीत घातलं, वरून स्वेटर गुंडाळलं आणि माझ्या जॅकेटच्या आत छातीशी धरलं. लव नसलेल्या पिल्लाला साधारण 32 अंश तापमान लागतं. त्या पहाटे बाहेर 3 होतं.

मग आईला शेपटीला धरून रस्त्याच्या कडेला ओढलं आणि अंगावर भडक रंगाच्या स्प्रेने फुली मारली. पिशवी तपासून झाली आहे, ही मागून येणाऱ्या स्वयंसेवकासाठी खूण. या रस्त्यावरून नवीन माणसं जातात तेव्हा विचारतात, मेलेल्या कांगारूंवर रंग कोण फासतं? चाळा वाटतो त्यांना.

पिल्लू परवानाधारक निवारा चालवणाऱ्या बाईंकडे पोचवलं. तिथे ते वर्षभराहून जास्त राहणार, रात्री-अपरात्री बाटली मागणार. आजी असती तर "याचं कौतुक पुरे" म्हणाली असती. दवाखाना गाठला, एका लॅब्राडोरचे टाके काढले, आणि दुपारी दोनला पुन्हा फोन. त्याच कळपातला एक तरुण नर नव्या एस्टेटमध्ये शिरला होता.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. पण एकाच कळपाचं सकाळी आणि दुपारी, असं कधी नाही. पूर्वेकडच्या टप्प्यात त्या दिवशी माती उकरायची यंत्रं सुरू झाली होती. पश्चिमेला घरांची पत्र्याची कुंपणं, दक्षिणेला हमरस्ता. कळप पळाला तो उघडं दिसलं तिकडे, म्हणजे घरांच्या गल्लीत. बाकीचे परत फिरले. हा एकटा दोन कुंपणांच्या बोळात अडकला होता, आणि बोळाच्या दोन्ही टोकांना माणसं फोन उंचावून उभी. बरीचशी आपलीच. मी अक्षरशः ओरडलो. कांगारूला माणसांच्या गर्दीने जे होतं ते दिसत नाही: भीतीने आणि धावपळीने त्याचे स्नायू आतून मरायला लागतात. लघवी कॉफीसारखी गडद होते आणि वरवर धडधाकट दिसणारं जनावर एक-दोन दिवसांनी कोसळतं. म्हणूनच अख्खा कळप उचलून दुसरीकडे सोडा, हा लोकांचा लाडका सल्ला कागदावर जितका सोपा तितका इथे सोपा नाही.

गर्दी हटवून अर्धा तास काही न करता बसलो. त्याचा श्वास जरा खाली आल्यावर प्रशिक्षित डार्टरने भुलीचा डार्ट मांडीत मारला. डोळ्यांवर कापड बांधून आम्ही चौघांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि ओढ्याकाठच्या झाडीत सोडलं. संध्याकाळी जाऊन बघितलं. उठून बसला होता, कान फिरवत. पुढे काय झालं, कळायचा मार्ग नाही.

ओढ्याच्या पलीकडे एक म्हातारा शेतकरी राहतो. त्याची जमीन अजून विकायची आहे. तो कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एक वाचवायला चार माणसं. माझ्याकडे त्यांच्यातलेच मारायचा परवाना आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या राज्यात, 1975 च्या कायद्याने कांगारू संरक्षित आहे, आणि त्याच कायद्याखाली ठरावीक संख्येत मारायचा परवानाही मिळतो. 2019 पासून तर मांस-कातड्यासाठी कोटा ठरवून व्यापारी शिकारही चालते. कुंपणाच्या या बाजूला रुग्ण, त्या बाजूला उपद्रव. मी त्याच्याशी भांडलो नाही. दुष्काळात मेंढीच्या तोंडचं गवत जाताना बघणाऱ्याला काय सांगायचं? विदर्भात रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तुरीचं शेत फस्त केलेलं मी पाहिलंय. कॅनबेरातही 2009 पासून दर हिवाळ्यात राखीव गवताळ प्रदेशात सरकार कांगारू मारतं. कारण कळप फार वाढले की गवत बोडकं होतं आणि त्यात राहणारे दुर्मीळ सरडे उघडे पडतात. त्या युक्तिवादात तथ्य आहे असं माझं मत आहे. तिथे हल्ली माद्यांना गर्भनिरोधक लसही देतात, ती मला जास्त पटते. पण आमच्या भागातला प्रश्न गवताचा नाहीच. मारायची वेळ येते ती आधी कोंडल्यामुळे. आणि रात्री सर्चलाइटवर मादी पाडली की तिच्या मागचं मोठं पिल्लू अंधारात पळून जातं. नियम म्हणतो त्यालाही शोधून मारा. कोण शोधतं?

म्हातारा यावर काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते मलाही आवडत नाही. पण ती यंत्रं उलट्या टोकाने सुरू करायला हवी होती."

नेमकं हेच! इथे नवीन वस्तीला परवानगी देताना कांगारूंचं काय करणार याचा आराखडा मागतात. बांधकाम शहराकडून सुरू करून बाहेर सरकवलं, तर कळप आपसूक मोकळ्या रानाकडे सरकतो. बाहेरून आत आलात, तर तो मधोमध सापडतो आणि मग रस्ता, बोळ किंवा बंदूक एवढेच पर्याय उरतात. नागपूरहून शिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात महामार्गाखाली प्राण्यांसाठी वाटा बांधल्यात, तिथून वाघसुद्धा जातो. आमच्या ओढ्यावरच्या पुलाखाली कांगारू वाकूनही जाऊ शकणार नाही इतकी जागा आहे.

त्या रात्री मी पालिकेला लिहिलं: पुढच्या टप्प्याची सुरुवात कुठल्या टोकाने, ओढ्याकाठी किती रुंद पट्टा मोकळा, आणि त्या रस्त्यावर अंधारात वेगमर्यादा ऐंशीची साठ करता येईल का. स्वेटरवाल्या तरुणानेही सही केली, त्याच्या बायकोने शेजारच्या घरांतल्या गोळा केल्या. म्हाताऱ्याने सही करायला नकार दिला, पण जुन्या कुरणाचा एक नकाशा दिला, त्यात कळप कुठून ये-जा करायचा ते पेन्सिलीने काढलेलं होतं. तो मी अर्जाला जोडला. वेगमर्यादेचं उत्तर आलं: रस्ता राज्य सरकारचा, तिकडे लिहा. पट्ट्याबद्दल पुढच्या महिन्यात बैठक आहे.