आजन्म व्हिसा आणि वर आणखी एक परवानगी

माझी भाची अमेरिकन नागरिक, तिथल्या एका दैनिकात बातमीदार. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) आजन्म व्हिसा मिळतो, येण्याचं कारण कोणतंही चालतं. मात्र गृह मंत्रालयाची 4 मार्च 2021 ची अधिसूचना वाचा: संशोधन, धर्मप्रसार, तबलीग (इस्लामी धर्मप्रचार), गिर्यारोहण आणि पत्रकारिता करायची तर वेगळी परवानगी. (गिर्यारोहक बिचारे यात कुठून सापडले?)

ऑनलाइन अर्ज एका संध्याकाळी भरून झाला. तिचा विषय वरळी कोळीवाडा आणि किनारी रस्ता. 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंद, म्हणजे त्याआधी होड्या पाण्यात दिसायला हव्यात. मे सरत आला तरी संकेतस्थळावर एकच शेरा, 'प्रक्रियेत'. कार्यालयात फोन केला की "दिल्लीहून आलं नाही, साहेब." समक्ष गेलो. खिडकीवरच्या बाईंनी तेच सांगितलं, वर विचारलं, "बातमी चांगलीच असणार ना?" म्हटलं, "बोंबील कमी झालेत, त्याची आहे." त्या हसल्या. फाईल जागची हलली नाही.

भाचीला पाहुणी म्हणून कोळीवाड्यात नेलं. ओळखीच्या मावशींनी सुरमई कापता कापता सगळं सांगून टाकलं: डिझेलचा भाव, होड्या जाव्यात म्हणून किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 120 मीटर करून घ्यायला किती भांडावं लागलं ते. पोरीचे हात वहीसाठी शिवशिवत होते. "मामा, हे ऐकणं तरी चालतं का रे?" मला काय माहीत! संपादकांची सक्त ताकीद होती, परवानगीशिवाय एक ओळही नको. त्यांची भीतीही खोटी नव्हती. वीसहून जास्त वर्षं इथे राहिलेल्या फ्रेंच पत्रकार व्हेनेसा दुन्याक यांना 2022 मध्ये हीच परवानगी नाकारली, पुढे ओसीआय रद्द करण्याची नोटीस आली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्या देश सोडून गेल्या.

आमची परवानगी आली जूनमध्ये, होड्या वर ओढल्यावर.

तर, तिकीट काढण्याआधी अर्ज करा. पर्यटक म्हणून येऊन गुपचूप काम उरकायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. अर्जाची पोच छापून जवळ ठेवा, खिडकीवर आधी तीच मागतात. आणि हो, संपादकांच्या पत्रात कामाचा काळ ऐसपैस लिहून घ्या. ते मी आग्रहाने करून घेतलं होतं, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा आली आणि त्याच परवानगीवर मावशींच्या होडीतून समुद्रात जाऊन आली.