सात दिवसांत तेल किती लागलं?

२०२४ च्या फेब्रुवारीत सांगलीतल्या आमच्या गल्लीत एक मुलगी घरोघर फिरत होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दारातच तीन-चार प्रश्न: घरात माणसं किती, चारचाकी आहे का, असली तर दहा लाखांच्या वरची की खालची. रोज पेपरात फसवणुकीच्या बातम्या वाचतो, त्यामुळे मी दार अर्धंच उघडलं होतं. ‘गाडी नाही’ एवढं सांगितलं आणि लावून घेतलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. म्हणाली, "काकू, तुमचं घर निघालंय."

केंद्र सरकारचं घरगुती उपभोग खर्चाचं, म्हणजे घरात खाण्या-वापरण्यावर किती खर्च होतो याचं, सर्वेक्षण ऑगस्ट २०२३ पासून चालू होतं, ते जुलै २०२४ पर्यंत चालणार होतं. शहराचा एकेक भाग निवडतात, त्यातल्या सगळ्या घरांची आधी यादी करतात आणि मग त्यातून १८ घरं चिठ्ठी टाकल्यासारखी काढतात. गाडीचा प्रश्न त्यासाठीच होता. घरांचे गट पाडून प्रत्येक गटातून काही घरं घेतली नाहीत, तर खर्चिक घरं यादीत येतच नाहीत आणि सरासरी फसवी निघते. मी म्हटलं, "शेजारच्या वहिनींना विचारा ना, त्यांना वेळ असतो." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मला सोयीचं घर मी घेतलं तर सगळंच बिघडेल, काकू."

तरी आमच्या ह्यांनी खात्री करून घेतलीच. तिचं ओळखपत्र बघितलं, कार्यालयात फोन लावला. ही माहिती संख्याशास्त्रीय कामासाठीच वापरायची आणि कुणाचं नाव उघड करायचं नाही, असं बंधन सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ मध्ये आहे, हे तिने समजावून सांगितलं. नंतरच्या तीनही भेटींत तिने आमचं उत्पन्न किती, बँकेत किती, ओटीपी काय, यातलं काही विचारलं नाही. असं कुणी विचारलं तर ते या सर्वेक्षणाचं माणूस नव्हे, हे मी आता गल्लीत सगळ्यांना सांगते.

पहिला घोळ ‘कुटुंब’ या शब्दावर झाला. आम्ही सहा जण म्हणून सांगितलं: सासरे, म्हणजे आमचे आण्णा, सासूबाई, हे, मी, धाकटा मुलगा आणि कोल्हापूरला वसतिगृहात शिकणारी मुलगी. तिने मुलीचं नाव घेतलं नाही. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. मुलीची चूल सध्या वेगळी, म्हणून आम्ही पाच. ऐकायला बरं वाटलं नाही; सासूबाई तर म्हणाल्या, "म्हणजे काय, पोरगी आमची नव्हे?" पण तिला आमच्यातही धरलं आणि तिकडेही धरलं, तर एकच माणूस दोनदा जेवलं असं होईल. ते पटलं.

मग प्रश्न सुरू झाले. टॅबमध्ये चारशेच्या वर वस्तू होत्या. पूर्वी हे सगळं एका बैठकीत विचारायचे. उत्तरं देणारा शेवटी कंटाळून ‘तेवढंच लिहा’ म्हणत असणार. २०२२-२३ पासून तीन भाग केलेत: खाण्यापिण्याचं एका महिन्यात, रोज लागणाऱ्या वस्तू आणि सेवा दुसऱ्या, टिकाऊ वस्तू तिसऱ्या. आमच्याकडे आधी खाण्याचं आलं.

उत्तरं द्यायला हे बसले. घरातल्या कर्त्या पुरुषाने बोलायचं, अशी आमच्याकडे रीतच पडलीय. मी आत चहा टाकत होते. तिने विचारलं, "गोडंतेल?" ह्यांनी सांगितलं, "पाच लिटर." मी ओट्यापाशी थांबले. पाच लिटरचा डबा त्याच आठवड्यात आणला होता हे खरं, पण आणला म्हणजे संपला नाही. ती म्हणाली, "काका, आणलं किती ते नको. गेल्या सात दिवसांत लागलं किती?" हे गप्प. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि तिथून पुढचे दोन तास मीच उत्तरं दिली.

सात दिवसांत तेल किती लागलं, हे मलाही तोंडपाठ नव्हतं. पण डब्यातून मी तेल किटलीत काढते, किटली बरोबर एका लिटरची आणि ती साधारण नऊ दिवस जाते. हिशेब आला पाऊण लिटरच्या जरा वर. मग चटणीची पाळी आली. आमच्याकडे कांदा-लसूण चटणी वर्षाची एकदम होते. मार्च-एप्रिलात मिरच्या वाळवायच्या, कांडून आणायच्या आणि बरणीत दाबून भरायच्या. ‘सात दिवसांत चटणी किती?’ या प्रश्नाला दुकानाचं बिल उपयोगाचं नाही. मी वजनकाटा काढला, भाजीत घालते तो चमचा भरून तोलला आणि दिवसाला किती चमचे जातात ते मोजून सांगितलं. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, बहुतेक घरी अंदाजेच सांगतात.

सगळ्या वस्तूंना एकच मुदत का नाही, हे मी तिला विचारलं. भाजी, फळं, तेल, अंडी-मटण, मसाले, बाहेरचं खाणं हे सात दिवसांचं विचारतात, कारण महिनाभराची भाजी कुणाला आठवत नाही. धान्य, डाळी, साखर तीस दिवसांची, कारण ती महिन्याच्या मापानेच घरात येते. कपडे, चपला, शाळेची फी, हॉस्पिटलात दाखल होऊन केलेला खर्च आणि टिकाऊ वस्तू वर्षभराच्या, कारण त्या गेल्या महिन्यात झाल्याच असतील असं नाही. स्वयंपाकघर चालवणाऱ्याला यातलं काही नवीन नाही. पण हे नियम करणाऱ्यांनी माणसाच्या आठवणीचा एवढा विचार केलाय, याचं मला फार कौतुक वाटलं.

ज्वारी आणि तूर आमच्या विट्याकडच्या रानातून येते. ‘त्याला पैसे पडले नाहीत’ असं म्हणून मी पुढे जाणार होते. तिने जाऊ दिलं नाही. घरचं असलं तरी खाल्लंय म्हणजे उपभोग झालाच. फक्त त्याची किंमत दुकानाच्या भावाने लावत नाहीत, शेतावर विकलं असतं तर जो भाव मिळाला असता तो धरतात. आण्णांना बोलावलं. यंदा शाळूला काय भाव निघाला ते त्यांनी लगेच सांगितलं. महिन्याभरात काही समारंभ झाला का, हेही तिने विचारलं. हळदीकुंकू झालं होतं. बायकांना दिलेल्या तिळगुळाचा गूळ आमच्याच हिशेबात गेला, कारण वाढलेलं यजमानाच्या घरात धरतात.

आणि मग ते दोन प्रश्न, ज्यांची उत्तरं आमच्या घरात कुणालाच नीट द्यायची नव्हती. एक, तंबाखू. सासूबाईंनी ‘आमच्यात कुणी खात नाही’ म्हणून सांगून टाकलं. आण्णा खिडकीकडे बघत बसले. त्यांची पुडी आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुसरा, बाहेरचा चहा-नाश्ता. हे म्हणाले, "काही नाही." मी त्यांना म्हटलं, "ती आपल्याला रागवायला आलेली नाही. आपण लपवलं तर आपल्यासारख्या सगळ्या घरांत तंबाखू खातच नाहीत, असं कागदावर होईल." आण्णांनी स्वतःच रोजची पुडी सांगितली. हे बोटांवर मोजत बसले: दोन वेळचा चहा, बुधवारी मित्राबरोबर मिसळ. सात दिवसांचे ३४० रुपये निघाले. हा आकडा मला लग्नाला एकवीस वर्षं होऊनही माहीत नव्हता.

त्यानंतर आठवड्याभरात, २४ फेब्रुवारीला, आधीच्या वर्षीच्या म्हणजे २०२२-२३ च्या सर्वेक्षणाचे आकडे जाहीर झाले. माणशी महिन्याचा सरासरी खर्च खेड्यात ३,७७३ रुपये, शहरात ६,४५९. खर्चातला खाण्याचा वाटा खेड्यात ४६.३८ टक्के, शहरात ३९.१७. याआधीचे आकडे थेट २०११-१२ चे होते. मधे २०१७-१८ ला पाहणी झाली होती, पण तिच्या माहितीच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने निकाल प्रसिद्ध केले नाहीत. म्हणजे अकरा वर्षं देशाला आपल्या घरांचा खर्च नीट ठाऊक नव्हता. मला हे फार लागलं. घरात दोन महिने हिशेब लिहिला नाही तरी पैसा कुठे गेला ते कळेनासं होतं.

मार्चमधली दुसरी भेट ह्यांनी आणि मी मिळून दिली. गॅस, वीजबिल, मोबाइलचं रिचार्ज, साबण, औषधं, मुलाची फी. त्या वर्षी आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, हॉस्पिटलचे ४८,५०० रुपये. ती गेल्यावर मी तो आकडा वहीत मांडून पाहिला. वर्षाचा खर्च महिन्यावर आणायचा, म्हणजे तीसने गुणून ३६५ ने भागायचं: ३,९८६ रुपये. पाच माणसांत माणशी ७९७. गेल्या महिन्याचंच विचारलं असतं तर यातला एक रुपया दिसला नसता. उलट ऑपरेशनच्या महिन्यातच कुणी आलं असतं, तर आम्ही फार श्रीमंत ठरलो असतो. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र तिने उपभोगात घेतला नाही. कर्ज फेडणं म्हणजे खाणं-पिणं-वापरणं नव्हे. आमच्या पगारातला सगळ्यात मोठा घास तोच, तरीही नियम बरोबर वाटतो.

एप्रिलमधली तिसरी भेट टिकाऊ वस्तूंची. ती अर्ध्या-पाऊण तासात आटपली, कारण वर्षात आम्ही मिक्सर आणि एक पंखा सोडून काही घेतलं नव्हतं.

आकड्यांचं पुढे काय होतं, हे मी नंतर वाचून काढलं. महागाईचा दर काढताना कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं, ते याच सर्वेक्षणातून ठरतं. हा दर ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात, त्याच्या २०१२ आधारवर्षाच्या (ज्या वर्षाच्या किमतींशी पुढच्या किमती ताडतात त्या वर्षाच्या) मालिकेत खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन होतं आणि ते २०११-१२ च्या घरखर्चावर बेतलेलं होतं. घरांचा खर्च बदलत गेला, वजनं तीच राहिली. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना याच निर्देशांकाकडे बघते, ४ टक्के महागाईचं तिचं उद्दिष्ट याच्यावर मोजलं जातं. म्हणजे आमच्या कर्जाचा हप्ता उपभोगात धरला नाही, पण किटलीतलं तेल फिरून त्या हप्त्यापर्यंत पोचतं. आता २०२४ आधारवर्षाची नवी मालिका आली आहे आणि तिची वजनं आम्ही उत्तरं दिली त्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणावरून घेतली आहेत. गरिबीची रेषाही अशाच माहितीवर आखतात. गरिबी कशी मोजायची हे ठरवण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ती खेड्यात माणशी महिना ८१६ आणि शहरात १,००० रुपये होती.

आमच्या वर्षाचे आकडे २७ डिसेंबर २०२४ ला आले. देशभरातली २,६१,९५३ घरं, त्यांत आमचं एक. २०११ च्या जनगणनेत देशात २४ कोटींहून जास्त घरं होती. भागाकार केला तर निवडलेल्या एकेका घरामागे नऊशेच्या वर घरं उभी राहतात. शहरातला माणशी खर्च ६,९९६ रुपये, खेड्यातला ४,१२२. रेशनच्या फुकट धान्यासारख्या मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून वेगळे आकडे दिलेत, ते ७,०७८ आणि ४,२४७. फुकट मिळालेलं धान्यही माणूस खातोच, म्हणून हे दोन्ही आकडे शेजारी ठेवलेले मला आवडले.

मी माझी वही काढली. आमचा हिशेब माणशी ७,४०० च्या आसपास बसला होता. आण्णांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी ऑपरेशनची ओळ शोधली, मग तंबाखूची, आणि विचारलं, "हे पण मोजलं का गं त्यांनी?"

"मोजलं, आण्णा. रोजची पुडी."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.