पोपटीची रात्र
26 जानेवारी शुक्रवारी आल्याने मिळालेले तीन दिवस आम्ही दोन कुटुंबांनी अलिबागजवळच्या एका कौलारू घरात घालवले, आणि त्यातली कालची रात्र पोपटीची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खाण्याची होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा व खडे मीठ असे थर लावून, तोंडही पाल्यानेच घट्ट बंद करून काकांनी मडके उपडे ठेवले आणि भोवती पेंढा पेटवला. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा शिजतात, यावर मुलांचा (खरे तर माझाही) विश्वास नव्हता. अर्ध्या तासाने पाला उपसला, तेव्हा त्या उग्र, धुरकट वासाने शेजारचे आजोबाही न बोलावता अंगणात आले.