हर्णैच्या बंदरावर गाडीला टाके घातले

मोटरसायकलवरून पुणे ते गुहागर, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, रात्री हरिहरेश्वरला मुक्काम, हे सगळं मस्त झालं आणि त्याबद्दल मला आज काहीच लिहायचं नाहीये. दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो आणि केळशीच्या रस्त्याला लागल्यावर डाव्या आरशात मागचं काही दिसेनाच. आरसा जागेवर होता, पण इतका थरथरत होता की नुसता हिरवा पट्टा दिसायचा. प्रत्येक खड्ड्याला पुढून टकटक आवाज.

गाडी बाजूला घेतली, फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला, हात लावला तर डावी बाजू चक्क बोटभर वर-खाली हलली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फुल फेअरिंगच्या गाडीत हेडलाइट, मीटर, काच, आरसे यातलं सहसा काहीच हँडलवर नसतं. ते सगळं एका पाइपच्या सांगाड्यावर बसतं, त्याला स्टे म्हणतात, आणि तो स्टे चॅसीच्या तोंडाला बोल्टने धरलेला असतो. माझ्या स्टेचा डावा हात वेल्डिंगच्या अगदी कडेला चिरला होता, त्यामुळे सगळा भार प्लास्टिकच्या कानांवर, म्हणजे पॅनलच्या बोल्ट लावायच्या पट्ट्यांवर, आला आणि तीनपैकी दोन कान गेले, वर पॅनलला वीतभर चीर. झिप टाय आवळले, चिकटपट्टी मारली आणि वीसच्या स्पीडने आंजर्ल्याचा पूल ओलांडून हर्णै गाठलं. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, स्टे ऑर्डर करावा लागेल, किमान दहा दिवस, आणि कान वेगळे मिळत नाहीत, अख्खं पॅनल घ्या.

हर्णैला मला खरं तर बंदरावरचा माशांचा लिलाव बघायचा होता, पण जूनचा पहिला आठवडा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा कसला लिलाव. बऱ्याच होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, समोर सुवर्णदुर्ग, आणि हवेत रेझिनचा, म्हणजे फायबरच्या होड्यांना लावतात त्या चिकट रसायनाचा, तो डोक्यात जाणारा वास. चहाच्या टपरीवर फॅब्रिकेशनवाला विचारला तर टपरीवाला गाडीकडे बघून म्हणाला, "लोखंड तो करेल, पण प्लास्टिकचं मामांना दाखवा."

ग्रिल-गेट बनवणारा पोरगा विशीतला असेल, पण काम बघून मी गप्पच झालो. स्टे पूर्ण काढून आण म्हणाला, गाडीवर वेल्डिंग मारणार नाही, तुझा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडाला तर कोण बघणार. हे वाक्य मी शहरातल्या भल्याभल्या वर्कशॉपमध्ये ऐकलेलं नाही. पाइपची भिंत पातळ, सरळ रॉड मारला तर भोक पडणार, म्हणून त्याने आत बसेल अशी सळई तासून घातली, करंट कमी केला आणि फक्त चार टाके मारले. मग म्हणाला, आता गाडीवर लावून बघ. मी लावलं, एक भोक दोन मिलीमीटर सरकलं होतं, त्याने ते टाके तोडून पुन्हा जुळवलं आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं, वर कोपऱ्यात तिकोनी पट्टीचा आधार. दोनशे रुपये घेतले.

मामा म्हणजे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे, साठीच्या पुढचे. पॅनल उलटं करून आतल्या बाजूचा एबीएसचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा, शिक्का बघितला. म्हणाले, "ह्याला रेझिन नुसतं वरून धरत नाही, दादा. ह्याला आधी शिवायला लागतं." आणि खरंच शिवलं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढे पळत नाही, मग दोन्ही काठांना रांगेत भोकं, आणि जाळं विणायचा नायलॉनचा दोरा घेऊन टाके घातले, जाळ्याच्या सुईने, एकेक टाका ओढून. मागची बाजू ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, म्हणजे ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव, ढवळलं, मग अंतर ठेवून टोपणातून हार्डनर. मी हार्डनरची बाटली उचलून कोबाल्टच्या डब्याशेजारी ठेवली तर एकदम ओरडले. ती दोन थेट एकत्र आली तर भडका उडतो, म्हणून त्यांच्याकडे दोन्ही वस्तू झोपडीच्या दोन टोकांना असतात. मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, दोन थर ब्रशने ठोकून बसवले, रेझिन भोकांतून पलीकडे आलं आणि तिथेच बटणासारखं घट्ट झालं. तुटलेले कान त्यांनी मॅटचेच नवीन घडवले. जरा वेळाने हात लावला तर पॅनल गरम लागत होतं.

तोवर मामींनी जेवायला बसवलं. बंदीचे दिवस, ताजी मासळी नाही, म्हणून सुकट आणि तांदळाची भाकरी आणि कैरीची चटणी. अनोळखी माणूस, चिखलाचे बूट, आणि मला ताटावरून उठू देईनात. रिसॉर्टवाले दोन हजार घेऊन वेलकम ड्रिंक देतात, ते मला आता नकोच वाटतं.

मामांनी मग मला बोल्ट दाखवले. तुटलेल्या दोन्ही कानांच्या बोल्टला रबरी बुश नव्हते आणि आतली पितळी कॉलरही नव्हती, मागच्या सर्व्हिसला फेअरिंग उघडली तेव्हा कुणीतरी न लावताच बोल्ट आवळले होते. राग त्याचा आलाच. पण स्टेवर दोन जादा लाइट, उंच काच आणि मोबाइल होल्डर मीच चढवलं होतं, तो भार आणि ती थरथर त्याच वेल्डिंगवर येत होती, आणि ही टकटक गेले दोन महिने मला ऐकू येत होती. जास्तीच्या लाइट तिथेच काढून बॅगेत टाकल्या.

मामा पैसे घेईनात, शेवटी रेझिनचे म्हणून शंभर घेतले. मग सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी सहा वॉशर केले, आणि कॉलरऐवजी तांब्याच्या नळीचे तुकडे घासून घातले. म्हणाले, "बोल्ट हाताने बसेल तेवढाच, मग पाव फेरा. बस."

दाभोळच्या फेरीबोटीत इंजिनचा धडधडाट होता, सगळ्या गाड्या थरथरत होत्या. मी डाव्या आरशात बघत उभा होतो. मागे दाभोळची जेट्टी स्पष्ट दिसत होती, जेट्टीवरच्या माणसाच्या हातातली छत्रीसुद्धा.